पाडण्याआधी नोंद करा : जंक्शन गावांच्या वतीने रेल्वे अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जुन्या रेल्वे वसाहती, रनिंग रूम आणि दप्तरखाने ज्यांच्या अखत्यारीत येतात ते अधिकारी
आणि माहितीसाठी : अशा गावांच्या नगरपरिषदा

महोदय,
सविनय नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात आमच्या जंक्शनच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबच्या, दारावर एक नोटीस चिकटवण्यात आली. इन्स्टिट्यूट, तिच्यामागची जुनी रनिंग रूम (बाहेरगावाहून गाडी घेऊन आलेल्या गार्ड-ड्रायव्हरांची विश्रांतीची जागा) आणि दगडी क्वार्टरांच्या दोन चाळी धोकादायक ठरल्या असून त्या पाडून जागा मोकळी केली जाईल, एवढाच मजकूर तिच्यात आहे. सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांकही आहे. या इमारती कोणत्या कामासाठी उभ्या राहिल्या, त्यांच्या कपाटांत काय आहे आणि पाडण्याआधी त्याचे काय करायचे ठरले आहे, याबद्दल मात्र एक ओळ नाही. त्याच आठवड्यात रनिंग रूमच्या पडवीतून लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरांचे गठ्ठे हातगाडीवर चढताना मी पाहिले. चौकशी केल्यावर ‘जुनी रद्दी काढली’ असे उत्तर मिळाले, आणि हे पत्र लिहायचे मी तेव्हाच ठरवले.

गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की प्रश्न त्या एका गावाचा होतो, फाईल त्या एका टेबलावर जाते आणि तिथेच राहते. रुळांमुळे जन्मलेल्या सगळ्याच लहान गावांना जे लागू आहे, तेच मला सांगायचे आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते आधी सांगतो. माझे वडील मालगाडीवर गार्ड होते. नोकरीत चार वेळा बदली झाली आणि शेवटची सोळा वर्षे या जंक्शनात, पाडायला काढलेल्या दुसऱ्या चाळीत गेली. रात्री-अपरात्री कॉलमन येई, कडी वाजवी आणि गाडीचा नंबर व सुटायची वेळ सांगे. गाडीच्या दोन तास आधी माणूस उठला पाहिजे, असा दंडक होता. बाबा उठून अंगणातल्या दिव्याखाली त्याच्या हातातल्या कॉल-बुकात वेळ टाकून सही करत. सहीसाठी शाईची पेन्सिल असे. ती जिभेला लावली की अक्षर जांभळे उमटे, आणि सकाळी ड्युटीवरून परतलेल्या बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यात तो जांभळा ठिपका तसाच असे. आम्ही भावंडे त्यावरून ओळखायचो की आज झोपेतून उठवून नेले होते.

त्या हातगाडीवाल्याकडून मी एक गठ्ठा वजनावर विकत घेतला. त्यात एक कॉल-बुक निघाले. कसर लागलेली पाने, डाव्या बाजूला गाडी क्रमांक, मध्ये नाव व हुद्दा, उजवीकडे कॉल दिल्याची वेळ आणि सही. एका पानावर ‘2.40’ अशी वेळ आहे आणि पुढे बाबांची जांभळी सही. त्याच पानावर आणखी बावीस माणसांच्या सह्या आहेत. काहींनी इंग्रजीत केल्या आहेत, काहींनी मोडीच्या वळणाच्या मराठीत, एकाने तेलुगूत आणि तिघांनी अंगठे उठवले आहेत. एका रात्रीत त्या गावातून कोण कुठे निघाले होते, याचा एवढा नेमका पुरावा दुसरीकडे कुठे असेल असे मला वाटत नाही.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे शाळेतल्या पोराला पाठ असते. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत लोखंडी रस्त्याने महाराष्ट्राच्या नकाशावर जी गावे उमटवली, त्यांच्याविषयी मात्र आपण फारच थोडे जपले. ही गावे देवळाभोवती किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेली नाहीत, आणि नदीकाठचा जुना बाजारही त्यांच्या मुळाशी नाही. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी आणि कोळसा घ्यावा लागे, भट्टी साफ करून राख पाडावी लागे. ड्रायव्हर-फायरमनची पाळी संपली की त्यांना उतरवून दुसरी जोडी चढवावी लागे. जिथे हे सगळे एकत्र करणे सोयीचे ठरले, तिथे इंजिनांचे शेड आले. शेडमागून क्वार्टरे आली, क्वार्टरांमागून किराणा, शिंपी, न्हावी, खानावळ आणि शाळा. म्हणजे आमच्या गावांची जागा इंजिनाच्या तहानेने ठरवली, असे म्हटले तर फारसे चुकीचे होणार नाही.

इगतपुरी घ्या. कसाऱ्यावरून वर चढणारा थळ घाटाचा रेल्वेमार्ग 1865 साली खुला झाला. चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेले की एक फूट वर. इतक्या चढावर गाडी ढकलायला मागून बँकर इंजिन लागते आणि घाट संपला की ते काढावे लागते, म्हणून घाटमाथ्यावरच्या या गावाला इंजिनांचे गाव होणे भागच होते. 1930 च्या सुमारास मुंबईकडून विजेच्या गाड्या डीसी प्रवाहावर इगतपुरीपर्यंत येऊ लागल्या. पुढे भुसावळच्या बाजूने एसी प्रवाह आला आणि एका प्रवाहाचे इंजिन दुसऱ्यावर चालत नसल्याने कित्येक दशके जवळजवळ प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीचे इंजिन इगतपुरीला बदलले जाई. त्या थांब्यावर फलाटावरच्या किती घरांचे पोट चालले, याचा हिशेब कोणत्याही वेळापत्रकात नाही. घाटातही एसी प्रवाह आला आणि ते थांबण्याचे कारणच संपले. ही तक्रार नाही; यंत्र सुधारले की असे होणारच. पण झाले ते कोणी लिहून ठेवले का?

मनमाडचा जन्म तर दुष्काळाशी जोडलेला आहे. दौंड-मनमाड हा मार्ग 1878 साली सुरू झाला आणि 1876-77 च्या भीषण दुष्काळात त्याचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून उपाशी माणसांकडून करून घेतले गेले. पुढे निजामाच्या मुलुखातून येणारी मीटर गेजची, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची, लाईन तिथे मिळाली आणि गाव दोन रुंदीच्या रुळांचे झाले. एका गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा, एवढ्या एका गरजेतून हमालांची पिढीच्या पिढी उभी राहिली. भुसावळला तापीचे पाणी आणि नागपूर व खांडव्याकडे फुटणारे दोन फाटे होते. गावाचे शहर झाले ते त्यांमुळेच.

मला सगळ्यांत जास्त ओढ आहे ती कुर्डुवाडीच्या कथेची. सोलापूरकडे जाणारा मार्ग 1859 साली तिथवर पोहोचला. कापसाची खरी पेठ बार्शी, पण मुख्य मार्ग तिच्यापासून दूरवरून गेला. म्हणून स्टेशनाचे नाव पडले ‘बार्शी रोड’. स्वतःच्या नावाने ओळखले जाण्याचा मानही त्या गावाला लगेच मिळाला नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाईट रेल्वे उभारली आणि 1897 साली तिची गाडी बार्शीला गेली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याच्या आखणीचे सूत्र होते. त्यामुळे हलके रूळ पुरत आणि तरीही भरपूर माल वाहता येई. 1906 साली ती लाईन पंढरपूरला पोहोचली, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला. कापूस आणि वारकरी हे दोन्ही एकाच अरुंद रुळावरून वाहणारी ती रेल्वे होती. 1954 साली सरकारने ती विकत घेतली आणि या शतकाच्या सुरुवातीच्या दशकात तिचे मार्ग ब्रॉडगेज झाले. जाता जाता सांगतो, याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट तयार केले. रेल्वेच्या इतिहासात असली माणसे पावलोपावली भेटतात आणि आपण मात्र मुलांना तीच एक बोरीबंदरची तारीख पाठ करायला लावतो.

अशा गावांत वेळसुद्धा वेगळी असे. 1 जानेवारी 1906 रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. त्यापूर्वी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून अर्ध्या तासाने मागे असे. स्टेशनाचे घड्याळ एक सांगे आणि गावातला सूर्य दुसरेच. गाव अर्थातच स्टेशनाचे ऐकायचे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार दप्तराबद्दल आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 हा कायदा केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू आहे. त्यानुसार प्रत्येक कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमलेला असायला हवा. पंचवीस वर्षांहून जुन्या अभिलेखांपैकी काय कायम ठेवायचे, ते राष्ट्रीय अभिलेखागाराशी विचारविनिमय करून ठरवायला हवे. आणि 1892 पूर्वीचा अभिलेख वापरण्याच्या पलीकडे खराब झाल्याखेरीज नष्ट करता येत नाही. कायद्यात शिक्षेचे कलमही आहे. त्याचा उल्लेख मी धमकी म्हणून करत नाही, विषयाचे गांभीर्य संसदेला कळले होते एवढेच दाखवतो. हातगाडीवर गेलेल्या गठ्ठ्यांचे असे मूल्यमापन झाले होते का? कोणी केले? यादी आहे का? हे तीन प्रश्न मी खिडकीवर विचारले तेव्हा संबंधित कारकून सौजन्याने वागला, चहाही विचारला, पण त्याला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. दोष त्याचा नाही. त्याला ते सांगितलेलेच नव्हते.

दुसरी तक्रार इमारतींबद्दल. त्या धोकादायक आहेत हे मला मान्य आहे. आमच्या जुन्या क्वार्टरच्या मोरीवरचे छत गेल्या पावसाळ्यात खाली आले. तिथे आज कोणी राहावे असे मी म्हणणार नाही. पण धोकादायक इमारत पाडणे आणि तिची कसलीही नोंद न ठेवता पाडणे, यांत फरक आहे. मोजमाप घेऊन नकाशा काढायला, प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यायला आणि दारावरचे आकडे, कोनशिला, लोखंडी खांबांवरची कारखान्यांची नावे उतरवून घ्यायला किती दिवस लागतील? रनिंग रूमच्या स्वयंपाकघरात ओळीने मांडलेल्या चुली आहेत, कारण प्रत्येक जातीच्या आणि धर्माच्या माणसाची चूल पूर्वी वेगळी असे. पुढे त्या चुलींचे काय झाले, कोणत्या पिढीत सगळे एका भांड्यातले जेवू लागले, हा या राज्याच्या सामाजिक इतिहासातला धडा आहे आणि तो भिंतीवर काजळीच्या डागांनी लिहिलेला आहे. जेसीबीला तो वाचता येत नाही.

तिसरी तक्रार फलकाची. स्टेशनावर नव्याने लावलेल्या ‘इतिहास’ फलकावर सहा ओळी आहेत. त्यांत मार्ग सुरू झाल्याचे साल आहे, एका इंग्रज इंजिनिअरचे नाव आहे आणि ‘गावाच्या विकासाला चालना मिळाली’ असे वाक्य आहे. कॉलमन, पॉइंट्समन, गँगमन, फायरमन, खलाशी यांपैकी एकही शब्द नाही. शेडबाहेर राखेच्या ढिगातून अर्धवट जळलेला कोळसा वेचून टोपलीभर विकणाऱ्या बायका नाहीत. आमच्या चाळीतल्या निम्म्या शेगड्या त्यांच्या कोळशावर पेटत. हा पक्षपात जुनाच आहे. बोर घाट बांधताना कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, काम पुढे चालवले, हे आपल्याला नावानिशी माहीत आहे. त्याच घाटात पटकीने आणि अपघातांनी जे हजारो मजूर मेले, त्यांच्यातल्या एकाचे नाव सांगा म्हटले तर सांगता येणार नाही. तेव्हा नोंद ठेवली नाही, याला आपण ब्रिटिश कंपनीला बोल लावतो. आज ज्यांची नोंद आहे त्यांची ती आपण वजनावर विकतो आहोत.

याच तक्रारीला जोडून 1974 चा संप. 8 मे 1974 रोजी देशभरातले रेल्वे कामगार संपावर गेले आणि सुमारे तीन आठवडे गाड्या ठप्प झाल्या. प्रत्येक जंक्शन गावात त्या दिवसांच्या आठवणी आहेत : पहाटेच्या अटका, क्वार्टर खाली करण्याचे हुकूम, शेजारच्या गावात नातेवाइकांकडे पाठवलेली मुले, आणि कामावर गेलेल्या व न गेलेल्या शेजाऱ्यांमध्ये पुढे कित्येक वर्षे टिकलेला अबोला. माझ्या आईने त्या महिन्यात शिलाई मशीन विकले. ते परत कधी घेतले गेले नाही. संपाची बाजू बरोबर होती की चूक, यावर माझ्या घरातच दोन मते होती. पण तो संप गावाच्या इतिहासात घडलाच नाही, अशा थाटात फलक लिहिणे कोणालाच शोभत नाही.

चौथी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तीवर आधीच बराच पत्रव्यवहार झाला आहे. ‘रेल्वे हद्द’ आणि ‘नगरपरिषद हद्द’ या दोन शब्दांच्या मधल्या गटारात आमचे गाव शंभर वर्षे उभे आहे. जतनाचा विषय काढला की नगरपरिषद म्हणते जागा रेल्वेची, रेल्वे म्हणते जतन हे आमचे काम नव्हे. दोघांनी एकदा एका टेबलावर बसावे, यासाठीच हे पत्र दोघांच्या नावे आहे.

रेल्वेला वारशाची जाण नाही, असे मी म्हणणार नाही. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 पासून आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या डोंगरी रेल्वे जागतिक वारसा यादीत आहेत आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीलाही 2004 साली तो मान मिळाला. माझे म्हणणे इतकेच की घुमट, कमानी आणि डोंगरवळणे जपली गेली. ज्या गावांच्या पाण्यावर आणि जागरणावर ती सगळी व्यवस्था चालली, त्यांच्याकडे पाहायला सवड झाली नाही. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद लाईनीवर 1994 पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. ते चालवणारी, त्याला कोळसा घालणारी माणसे अजून भेटू शकतील. पण आणखी दहा वर्षांनी तसे सांगता येणार नाही.

नव्या स्टेशनाला आमचा विरोध नाही. सरकते जिने हवेत, स्वच्छतागृहे हवीत, म्हाताऱ्या माणसाला पूल न चढता फलाट बदलता यावा हे तर फार आधीच व्हायला हवे होते. आमच्या मागण्या त्या कामाला तीन महिन्यांहून अधिक अडवत नाहीत.

पाडकाम तीन महिने पुढे ढकलावे आणि त्या मुदतीत सर्व इमारतींची मोजमापे, नकाशे व छायाचित्रे तयार करून त्यांची एक प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी. जुन्या कागदपत्रांची विक्री आजच्या आज थांबवावी, जे शिल्लक आहे त्याची यादी करावी आणि कायद्यानुसार मूल्यमापन झाल्याखेरीज एकही रजिस्टर बाहेर जाऊ देऊ नये. आधी विकलेले गठ्ठे कोणाला दिले, तेही लेखी कळवावे. दोन चाळींपैकी एक क्वार्टर आणि रनिंग रूमचे स्वयंपाकघर दुरुस्त करून राखावे. सगळे राखा असा आमचा आग्रह नाही. निवृत्त कामगार व त्यांच्या घरच्या बायकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम जवळच्या महाविद्यालयाकडे सोपवावे. खर्चाचा प्रश्न असेल तर निवृत्तांची मंडळी स्वतः वर्गणी काढायला तयार आहेत. फलक पुन्हा लिहावा आणि तो लिहिताना त्या कामगारांपैकी निदान दोघांना विचारावे. आणि या पत्राला, मग ते नकाराचे का असेना, जावक क्रमांक असलेले लेखी उत्तर मिळावे.

शेवटी एक व्यवहाराची बाब. मी विकत घेतलेले कॉल-बुक सध्या माझ्या घरी, कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात गुंडाळून ठेवले आहे. ते माझे नाही. त्यात बाबांची सही असली तरी ते रेल्वेचे दप्तर आहे आणि मला ते परत करायचे आहे. ते कोणत्या कार्यालयात, कोणत्या अधिकाऱ्याकडे जमा करावे आणि त्याची पोच कोण देईल, एवढे कळवावे. पोच मिळाली की मी त्याच दिवशी ते घेऊन येईन.

आपला,
एका गार्डाचा मुलगा, निवृत्त शिक्षक